शून्यावरचं घर

४ फेब्रुवारी

मामा,

तुम्हांला आणि मामीला नमस्कार. तुमचं पत्र काल मिळालं. तुम्हांला फोनवर नीट ऐकू येत नाही हे एका परीनं माझ्या पथ्यावर पडलं आहे. बोलताना माझी गडबड होते, लिहिताना खोडता येतं. हे पत्रसुद्धा आधी कच्चं लिहून मग उतरवून काढलं आहे. हसू नका.

तुम्ही विचारलंत की, गल्लीत सगळे म्हणतात तेल उपसून उपसून खालची जमीन पोकळ झाली आणि घरं खचायला लागली, तर हे खरं का. 'तू त्याच कामावर आहेस, तुला ठाऊक असेल,' असंही लिहिलंत. दुसऱ्या वर्षाला दोनदा आपटून कॉलेज सोडलेल्या माणसाला 'तुला ठाऊक असेल' असं फारसं कुणी म्हणत नाही. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

आमचं ऑफिस तेल कंपनीसाठी जमिनीवर नजर ठेवतं. उपग्रह वरून जाताना रडारचा झोत खाली सोडतो. झोत घरांवर, रस्त्यांवर आपटून परत वर जातो. काही दिवसांनी उपग्रह पुन्हा त्याच वाटेनं येतो आणि पुन्हा झोत सोडतो. दोन वेळच्या परतीत जो बारीकसा फरक पडतो, त्यावरून जमीन खाली गेली की वर आली ते कळतं. अगदी नखाच्या जाडीइतका फरकसुद्धा. त्याला रात्र, ढग, धूर काही आडवं येत नाही. मग आम्ही नकाशा रंगवतो. खाली गेलेलं लाल, वर आलेलं निळं, जागेवर असलेलं हिरवं.

तुमची गल्ली हिरवीगार आहे. शेजारच्या शिवणकाकूंच्या घरावर थोडा पिवळेपणा, म्हणजे किंचित खाली गेल्याची खूण, आहे, पण तो मोजण्यातली चूक म्हणून सोडून देण्याइतका कमी. आणि आपलं घर? शून्य. दोन वर्षांत मिलिमीटरभरही नाही.

तेव्हा निश्चिंत राहा. मामीला सांगा, स्वेटर बसतो, बाह्या किंचित लांब आहेत, मी दुमडून घेतो.

तुमचा,
पंतोजी

—

१९ फेब्रुवारी

पंतोजी,

तुझं पत्र तीनदा वाचून झालं. एकदा मी, एकदा मामीनं मोठ्यानं, आणि एकदा न्हाव्याच्या दुकानात, अर्धी दाढी झालेल्या माणसांपुढे. बिचाऱ्यांना पळूनही जाता येईना. लहानपणी तू वाण्याच्या पाटीवरची वेलांटी दुरुस्त करून आलास आणि त्यानं तुझा कान पिळला, तेव्हापासून मी सांगत आलो आहे की या पोराच्या बारकाईचं एक दिवस काहीतरी होणार. तुझी आई असती तर पत्र फ्रेम करून लावलं असतं.

आता इथली भानगड ऐक. ही सगळी हूल उठवली आहे आपल्या शेजारणीनं, शिवणकाकूनं. तिच्या मागच्या खोलीच्या भिंतीला भेग पडली आहे. म्हणते, तीत कापडावर खुणा करायचा खडू मावतो. दिवसभर मशीन चालवते आणि संध्याकाळी घरोघर सह्या गोळा करत फिरते. कंपनीनं गल्लीलगतच्या तेलविहिरी तरी बंद कराव्यात, नाहीतर सगळ्यांना दुसरीकडे घरं द्यावीत, असा अर्ज आहे. पुढच्या महिन्यात सभागृहात कंपनीचे साहेब येणार आहेत. गल्ली एकमुखानं बोलली तर कंपनीला ऐकावं लागेल असं तिचं म्हणणं. माझ्याकडेही आली होती. मी म्हटलं, "बाई, सिमेंटात काटकसर केली की भेगा पडायच्याच. त्याला तेल काय करणार?" ती म्हणाली, "तुम्ही सही करा, सिमेंटाचं मी बघते." मी केली नाही.

तुझं पत्र सभेत दाखवू का? तू म्हणशील तसं.

मामा

ता. क. मी मामी. बाह्या दुमडू नकोस, पाठवून दे, मी उसवून देते. इथं सगळं ठीक. हे सुतारकाम सोडून बसले तरी यांचा रंधा काही सुटत नाही, त्यामुळे शेगडी पेटवायला ढलप्यांची ददात नाही.

—

५ मार्च

मामा,

पत्र दाखवावं की नाही यावर मी बराच विचार केला. ऑफिसचं काम बाहेर बोलायचं नसतं. पण तुम्ही घरचे, आणि मी काही गुपित फोडलेलं नाही. दाखवा. माझं नाव मात्र घेऊ नका. 'माझा भाचा' म्हटलं तरी पुरे.

तुम्हांला एक गोष्ट सांगायची राहिली होती. खरं तर राखून ठेवली होती.

रडार जमिनीची हालचाल सरळ सांगत नाही. एका जागेच्या मानानं दुसरी किती हलली एवढंच ते सांगतं. म्हणून आधी एक जागा 'ही हलत नाही' असं धरून चालावं लागतं. तिला आम्ही स्थिर बिंदू म्हणतो. तिथे शून्य मांडायचं आणि बाकी सगळं त्यापासून मोजायचं. दोन वर्षांपूर्वी हे काम सुरू झालं तेव्हा तो बिंदू निवडायला आमच्या बाईंनी, म्हणजे साहेबीणबाईंनी, मला सांगितलं. नियमाप्रमाणे तो तेलविहिरींपासून दूर, खडकावर हवा. खडीच्या खाणीचा डोंगर होता, पण तिथल्या झाडीमुळे रडारचा झोत क्षीण होऊन परत येत होता. आणि तुमच्या कामाच्या शेडचा पत्रा? मागच्या भिंतीशी त्याचा कोन असा झाला आहे की तो रडारमध्ये ताऱ्यासारखा चमकतो. गल्ली तेलक्षेत्राच्या कडेला, तेव्हा तिथे काही होणार नाही असं मी धरलं. शिवाय तेव्हा मी तुम्हांला विचारलं होतं, आठवतं का, की घर कसं आहे? तुम्ही लिहिलंत, 'ठाम आहे. मी बांधलंय.' बाईंनी विचारलं, "खात्री आहे?" मी म्हटलं, "त्या भिंतीला टेकून मी अभ्यास केलाय." सगळे हसले, पण बाईंनी होकार दिला.

तेव्हा सगळं तेलक्षेत्र आपल्या घरावरून मोजलं जातं, मामा. ऑफिसात त्या बिंदूला सगळे 'मामा' म्हणतात. 'मामापासून किती खाली?' 'मामा धरून पुन्हा मोज.' ऐकताना कान गरम होतात.

तुमचा,
पंतोजी

—

२८ मार्च

पंतोजी,

सभा झाली. काय सांगू!

सभागृह भरलेलं. कंपनीचे साहेब समोर, बाजूला पाण्याच्या बाटल्या. शिवणकाकू उभी राहिली, अर्ज वाचला. चांगला लिहिला होता, खोटं कशाला बोलू. मग मी हात वर केला आणि तुझं पत्र काढलं. 'शून्य' वाचलं तेव्हा पुढच्या बाकावरचे माना डोलवायला लागले. साहेब स्वतः उठले, माझा हात हातात घेतला, म्हणाले, "काका, तुमच्यासारखी समजूतदार माणसं हवीत," आणि मला त्यांच्या शेजारी खुर्ची दिली. या गावात मी किती खुर्च्या केल्या असतील, पण बसायला अशी मिळाली नव्हती.

काकू म्हणाली, "तुमच्या भाच्याला वरून माझी भिंत दिसते का?"

मी म्हटलं, "भिंतच काय, तुझ्या मशीनखाली पडलेली सुईसुद्धा दिसते. म्हण तर उचलायला सांगतो."

सभागृह हसून हसून लोळलं. तिनं कागद गोळा केले आणि गेली. त्यानंतर लोकांनी एकेक करून सह्या मागे घेतल्या. न्हाव्यानं तर तिथल्या तिथे. अर्ज बारगळला.

तुझं नाव घेतलं नाही. पण एवढ्याशा गावात भाचा मला एकच आहे.

मामा

ता. क. मामी. काकूकडे ब्लाऊज टाकायला गेले होते. म्हणाली, हात रिकामा नाही. मशीन बंद होतं. मला ते बरं वाटलं नाही.

—

१० जून

मामा,

मध्ये पत्र लिहिलं नाही. तुमची दोन पत्रं आली, दोन्ही मिळाली. कामाची घाई होती. हे काही खरं कारण नाही, पण सध्या एवढंच लिहितो.

तुम्ही सभेत बोललात ते वाचलं. सुईचं बोलायला नको होतं.

मला काही गोष्टी नीट कळवा. पुढचं दार सहज लागतं का, की खालून घासतं? मागच्या खोलीत फरशीवर गोटी ठेवली तर ती जागेवर राहते का? चौकट आणि भिंत यांच्यात कुठे फट आहे का? शेडच्या मागच्या भिंतीला? उगीच विचारतो आहे. ऑफिसात अशी माहिती लागते.

काकूंची भेग आता केवढी आहे तेही कळलं तर कळवा. त्यांना विचारू नका, मामीला सहज दिसली तर.

पंतोजी

—

२२ जून

पंतोजी,

किती प्रश्न! परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. तर उत्तरं घे. दार लोण्यासारखं लागतं. गोटी सापडली नाही, म्हणून मामीच्या मण्यांतला एक मणी ठेवला, तो ठेवला तिथेच राहिला. फट नाही. भिंत नवीसारखी. अरे, तू स्वतःच शून्य मांडलं आहेस ना तिथे, मग मला कशाला विचारतोस? आपलं घर म्हणजे आपलं घर. मी बांधलंय.

तू मात्र आजारी असल्यासारखा लिहितो आहेस. जेवण वेळेवर घे.

मामा

ता. क. मामी लिहिते आहे, हे बाहेर गेलेत तोवर. दार लागतं, खरं आहे. गेल्या आठवड्यात पुन्हा रंधा मारला, तेव्हापासून लागतं. मणी राहिला तो सतरंजीवर ठेवला होता म्हणून. काकूच्या भेगेत आता तिची कात्री मावते. मशीन तिनं ओसरीवर आणून ठेवलं आहे.

—

६ जुलै

मामा, मामी,

हे पत्र कच्चं न लिहिता लिहितो आहे. कच्चं लिहिलं की मी त्यातून स्वतःला सोयीचं तेवढंच उतरवून घेतो, असं अलीकडे लक्षात आलं आहे.

आपलं घर खचतं आहे. शिवणकाकूंचं खचतं आहे. सगळी गल्ली खचते आहे. मार्चमध्ये तुम्ही सभेत वाचलंत ते चूक होतं आणि ती चूक माझी होती.

सांगतो कशी. आम्ही नकाशा नेहमी तेलक्षेत्राच्या कडेशी कापत होतो. पलीकडचं कुणाला नको होतं. एप्रिलमध्ये कंपनीला नवी पाइपलाइन टाकायची म्हणून मोठा नकाशा हवा झाला. तो मी तयार केला आणि स्क्रीनवर बघतो तो कडेबाहेरचं सगळं निळं. खडीचा डोंगर निळा. हमरस्त्यावरचा पूल निळा. शेजारच्या गावचं रेल्वे स्टेशन निळं. म्हणजे सगळं वर चाललं आहे, आणि सगळं सारख्याच वेगानं. खडकाचा डोंगर असा वर येतो का, मामा? सगळं जग वर निघालं आहे आणि आपलं घर तेवढं जागेवर आहे, असं माझा नकाशा सांगत होता.

आगगाडी सुटते तेव्हा फलाट मागे जाताना दिसतो, तसंच. मी शून्य खचणाऱ्या घरावर मांडलं होतं. घर जेवढं खाली गेलं तेवढं शून्यही खाली गेलं. आपल्या बरोबरीनं खचणारी घरं त्यामुळे हिरवी दिसली. काकूंचं घर आपल्याहून थोडं जास्त खचतं, म्हणून ते पिवळं. तेवढाच फरक मला दिसत होता, आणि तोही मी मोजण्यातली चूक म्हणून सोडून दिला.

हे मला त्याच दिवशी कळलं. कळायला वेळ लागला नाही, कबूल करायला लागला. हवेत दमटपणा असला की रडार कधी कधी असं फसतं. मी बाईंना सांगितलं की निळं आहे ते हवेमुळे आहे. त्यांनी पुन्हा तपासलं नाही, कारण मी तपासलं आहे म्हटल्यावर ऑफिसात कुणी तपासत नाही. मामा, मला याचीच जास्त लाज वाटते. चूक अडाणीपणानं झाली होती. हे मी टापटिपीनं केलं.

मग तुम्हांला प्रश्न विचारले. तुम्ही 'लोण्यासारखं' लिहिलंत आणि मी ते वाचून सुटका झाल्यासारखा श्वास सोडला. खाली मामीचं अक्षर होतं. काम सोडून बसलेला माणूस इतका रंधा कशावर मारतो, हे मला फेब्रुवारीतच विचारायला हवं होतं. तेव्हाही ढलप्यांचं लिहिलं होतं.

काल बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "बिंदू कुणी निवडला?" मी म्हटलं, मी. "आणि हवेचं?" तेही मीच. त्यांनी नकाशा पुढे ओढला. मग म्हणाल्या, डोंगर धरून सगळं पहिल्यापासून मोज, चुकीचा खुलासा स्वतःच्या हातानं लिही आणि खाली सही कर. कंपनीला तो या आठवड्यात जाईल.

मागच्या खोलीत झोपू नका. सामान पुढे घ्या. आणि मामा, पहिलं पत्र जिथे जिथे वाचलंत तिथे हेही वाचा. या वेळी माझं नाव घ्या.

पंतोजी

—

३ ऑगस्ट

पंतोजी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी दाराशीच होतो, हातात रंधा घेऊन. मामीनं वाचून दाखवलं. मग तिनं रंधा माझ्या हातातून काढून घेतला आणि फडताळावर ठेवून दिला.

तू खरं लिहिलंस, तर आता माझंही घे. तू शून्य कळवलंस त्या दिवशी दार लागत नव्हतं. मी मनाशी म्हटलं, लाकूड फुगलं असेल. तासलं. मग पुन्हा अडकलं, पुन्हा तासलं. पुढे चौकटच एका अंगाला झुकलेली दिसायला लागली, तेव्हा दाराचा वरचा कोपरा तिरका कापला. फरशीतली फट भरली. शेडच्या भिंतीची भेग लपवायला कपाट सरकवलं. मामी म्हणायची, "अहो, पोराला कळवा." मी म्हणायचो, त्याला वरून दिसतंय, आपण खालून काय सांगायचं? माझ्या हाताला कळत होतं, नाही असं नाही. पण गावभर शून्य वाचून आलो होतो. साहेबांच्या शेजारी बसून आलो होतो. त्यानंतर माझं दार अडकून कसं चालेल?

म्हणजे माझ्या भरवशावर तू घर ठाम धरलंस, आणि तुझ्या भरवशावर मी ते ठाम ठेवत बसलो. दोघांनी मिळून चांगलंच बांधलं.

पत्र घेऊन आधी शिवणकाकूकडे गेलो. ती ओसरीवर मशीनशी. बस म्हणाली नाही. मी उभ्यानंच वाचायला लागलो, तर ही मशीन थांबवीना. मला स्वतःचंच ऐकू येईना, म्हणून ओरडून वाचावं लागलं. निम्मी गल्ली दारांत येऊन उभी राहिली. मला वाटतं, तिनं मुद्दामच केलं. शेवटपर्यंत वाचलं.

"झालं?"

"झालं."

"मग आता?"

"माफ कर."

"माफीचं काय करू? भेगेत भरू?"

तिनं दोरा तोडला, उठली, आणि सरळ आपल्या घराशी, माझ्या दारापुढे आली. मी मागे मागे. दार मिटलं आणि त्याच्या कडेवरून बोटं फिरवली, कापडावरून फिरवावीत तशी. म्हणाली, "खांदा उतरलाय हो तुमच्या दाराचा. आणि फाटक्या लुगड्याला घालावेत तसे दंड घालून घालून तुम्ही तो झाकलाय. हे किती वेळा तासलंत?"

मी म्हटलं, "मोजलं नाही."

"तुमच्या घराण्यात मोजायचं काम भाच्याकडे दिसतं."

बोलून घेतलं तिनं. घ्यायलाच हवं होतं. मग म्हणाली, "बिजागऱ्या काढा. रविवारी साहेबांना पुन्हा बोलावलंय. हे दार घेऊन चला."

तर पंतोजी, रविवारी मी बिजागऱ्या काढल्या. पुढचं टोक मी धरलं, मागचं तिनं. मधल्या चौकात दम लागला म्हणून खाली ठेवलं. वाणी म्हणाला, "काय काका, घर हलवताय?" काकू म्हणाली, "घर आपलं आपण हलतंय, आम्ही फक्त दार नेतोय."

सभागृहात दार टेबलाला टेकवून उभं केलं. तेच साहेब, त्याच बाटल्या. मी तुझं पत्र वाचलं, नावासकट. मग दाराच्या कोपऱ्याला गुण्या लावला. काटकोन असायला हवा तिथे वरच्या अंगाला एवढी फट पडली की काकूनं तीत मूठ घालून दाखवली. मी म्हटलं, हे दार मी चौकोनी केलं होतं. ते असं झालं, कारण त्याची चौकट दिवसेंदिवस अशी होत गेली.

साहेब म्हणाले, "काका, जुनी दारं वाकतात. ऑफिसच्या खुलाशाचा आम्ही अभ्यास करतो आहोत."

मला वाटलं, संपलं. आता पुन्हा हसणार, आणि या वेळी माझ्यावर. तेवढ्यात मागून न्हावी उठला. खाली बघत म्हणाला, "माझंही दार तासलंय. दोनदा." त्याच्या बायकोनं त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्यानं अंगावरचा कपडा काढला. मग वाणी म्हणाला, त्याच्या दुकानाच्या फळ्या एका बाजूनं बसत नाहीत. मग एक म्हातारी म्हणाली, तिच्या न्हाणीतलं पाणी मोरीकडे न जाता उलटं खोलीत येतं, पण सुनेला बोल लागेल म्हणून ती गप्प होती. एकेक करून सगळे. प्रत्येकानं कुठे ना कुठे काहीतरी भरलेलं, घासलेलं, कपाटामागे लपवलेलं. काकांचं घर शून्यावर, मग आपल्याच घरात काहीतरी खोट आहे, असं धरून जो तो आतल्या आत लाजत बसला होता. पंतोजी, तुझ्या एका शून्यानं सगळ्या गल्लीला खाली बघायला लावलं. आणि ते शून्य ओरडून मी सांगितलं.

सह्या पुन्हा झाल्या. पहिली सही करायला मी पुढे झालो तर काकूनं कागद माझ्यापुढून ओढला. म्हणाली, "तुमची शेवटी." शेवटीच केली. साहेबांनी तपासायला म्हणून दार ठेवून घेतलं, त्यांचा माणूस येऊन बघणार आहे. विहिरींचं काय ते पुढच्या महिन्यात कळवतो म्हणाले. कळवतील का, ठाऊक नाही. खुर्ची मला कुणी दिली नाही, आणि मी शोधलीही नाही.

ऑफिसात मला मामा म्हणतात असं तू लिहिलं होतंस. इथे म्हणतात, भाच्यानं मला मामा बनवलं. मी हसतो. काय करणार?

काकूनं आपल्या रिकाम्या चौकटीला पडदा शिवून आणून दिला. मामीला वाटलं, गेला तिचा राग. मी विचारलं. ती म्हणाली, "छे. समोरून जाताना तुमचं सगळं दिसतं, ते बघवत नाही म्हणून." आणि तुला निरोप दिला आहे, जसाच्या तसा लिहितो: भाच्याला सांगा, वरून बघणं पुष्कळ झालं. आता खाली ये आणि भेगेत हात घालून जा.

मामा

ता. क. मामी. आम्ही पुढच्या खोलीत झोपतो. हे रात्री उठून पडद्याला हात लावून बघतात, लागतो का म्हणून. तू ये.

—

११ ऑगस्ट

मामा, मामी,

डोंगर धरून सगळं पुन्हा मोजलं. डोंगर शून्य, पूल शून्य, स्टेशन शून्य. जग जागेवर आलं. आपली गल्ली लाल आहे, टोकापासून टोकापर्यंत, आणि काकूंच्या मागच्या खोलीवर सगळ्यात गडद. तो रंग मीच भरला. रंग बरोबर आहे.

खुलासा गेला. खाली माझी सही आहे, पूर्ण नावाची. मला कामावर ठेवायचं की नाही ते बाईंनी अजून ठरवलेलं नाही. मी विचारलेलंही नाही. ऑफिसात त्या बिंदूला आता कुणी मामा म्हणत नाही. सगळे चाचरतात आणि मग 'जुना बिंदू' म्हणतात.

तुम्ही लिहिलंत की दोघांनी मिळून बांधलं. तसं नाही, मामा. तुमचं घर तुम्ही चांगलंच बांधलं होतं. खालची जमीन गेली, त्याला तुम्ही काय करणार? मी मात्र तुमचं घर कधीच न हलणारं समजलो, आणि तसं कुठलंच घर नसतं.

शनिवारी येतो. गाडी संध्याकाळी पोचते. तुम्ही स्टेशनवर येऊ नका. आधी मी काकूंकडे जाईन, एकटा. काय बोलायचं ते ठरवून बघितलं, प्रत्येक वाक्य खोडावंसं वाटतं. तेव्हा न ठरवताच जाईन. त्या सांगतील तिथे हात घालीन. मशीन थांबवलं नाही तर मोठ्यानं बोलेन.

तुमच्याकडे यायला मला अडचण नाही, नुसता पडदा सारायचा आहे. त्यांच्याकडे मात्र दार आहे, आणि ते मला वाजवावं लागेल.

पंतोजी